भैय्याजींचा रुमाल आणि बॉयलरचा डोळा

भैय्याजी रंगारी यांच्या रुमालाला कोराडीत जो मान होता तो तिथल्या एकाही इंजिनिअरला नव्हता, असं भैय्याजी स्वतः सांगत. दुसरं कोणी सांगत नसे, पण डोळ्यात राख गेली की सगळे निमूटपणे त्यांच्यासमोर येऊन बसत हेही खरं.

भैय्याजींची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, राखेच्या विभागात गेली. वीज तारेवरून लोकांच्या घरी जाते आणि राख आपल्या डोळ्यात राहते, असं ते म्हणत. गॉगल मिळायचा, पण घामानं त्याची काच धुरकट व्हायची, म्हणून तो कपाळावर चढवून ठेवायची तिथल्या गड्यांची पद्धत होती. मग वाऱ्याची एक झुळूक आली की कोणीतरी एक डोळा मिटून, चाचपडत भैय्याजींना शोधायला निघे.

भैय्याजींची रीत ठरलेली होती. माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं. काडीपेटीतल्या काडीवर वरची पापणी उलटवायची. रुमालाचा कोपरा चिमटीत पिळून पिळून सुईसारखा टोकदार करायचा, ते टोक जिभेवर ओलं करायचं आणि कण अलगद टिपायचा. अलगद हा भैय्याजींचा शब्द. समोर बसलेल्याला त्या वेळी वेगळेच शब्द आठवत. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असला तर भैय्याजी आधी थुंकून येत. स्वच्छतेचा एवढा एक नियम त्यांनी जन्मभर कटाक्षानं पाळला. दुसऱ्या दिवशी एखाद्याचा डोळा सुजून लाल झाला, तर ती डोळे येण्याची साथ. ही साथ कोराडीत बारमाही असायची आणि नेमकी भैय्याजींच्या ओळखीच्या माणसांतच फिरायची, पण त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर भैय्याजी आणि त्यांची बायको प्रेमिलाबाई नागपूरच्या झिंगाबाई टाकळी वस्तीत स्वतःच्या घरात राहायला आले. तिथे राख नव्हती, त्यामुळे गिऱ्हाईकही नव्हतं. रविवारी विहारात जाणं, आल्यावर पेपर वाचणं आणि उरलेल्या वेळात प्रेमिलाबाईंना स्वयंपाक शिकवणं, एवढंच त्यांच्या हाती उरलं. प्रेमिलाबाई अंगणवाडी सेविका होत्या. खिचडीआधी पोरांना रांगेत उभं करून ‘हात दाखवा’ म्हणण्यात त्यांचंही आयुष्य गेलं होतं, त्यामुळे नवऱ्याचं ऐकून न घेण्याची कला त्यांना पोरांनीच शिकवली होती.

या घरात बॉयलर आला तो मुलीमुळे. मोनालीनं पुण्याला नोकरी लागायच्या आधी एक पग जातीचं पिल्लू आणलं आणि नोकरी लागल्यावर ते आईबापाच्या गळ्यात मारून ती निघून गेली. चपटं नाक, बाहेर आलेले टपोरे डोळे, आणि श्वास घेताना गळकी वाफ सुटल्यासारखा आवाज. भैय्याजींनी एकदा ऐकलं आणि नाव ठेवून टाकलं. पहिले काही दिवस त्यांनी त्याला घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही असं जाहीर केलं. पुढे तो त्यांच्याच पलंगावर, त्यांच्याच उशीला पाठ लावून झोपू लागला आणि भैय्याजी पलंगाच्या कडेवर लटकू लागले. घरात भैय्याजींचं सगळं ऐकून घेणारा तो एकटाच जीव होता. सांगायला लाज कशाला, म्हाताऱ्याचा त्याच्यावर जीव जडला होता.

उन्हाळ्यात एका सकाळी बाजूच्या रिकाम्या प्लॉटमधल्या वाळक्या गवतात बॉयलर तोंड खुपसून हुंगत बसला आणि डावा डोळा मिटूनच बाहेर आला. भैय्याजींनी त्याला पायरीवर, उजेडाकडे तोंड करून बसवलं. पापणीच्या कडेला गवताचं कुसळ दिसलं. कित्येक वर्षांनी काम आलं होतं. ते खर्रा थुंकून आले, खिशातून रुमाल काढला, कोपरा पिळला, जिभेला लावला आणि कुसळ बाहेर काढलं. बॉयलर एकदा केकाटला.

“पाह्य, निंघालं,” ते प्रेमिलाबाईंना कुसळ दाखवत म्हणाले. “डॉक्टर असता तं आधी फोटो काढला असता.”

“त्या रुमालानं तुमी कालच स्कूटरची सीट पुसली,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

“सीट ह्या कोपऱ्यानं पुसली. डोया त्या कोपऱ्यानं.”

दुसऱ्या दिवशी बॉयलरचा डोळा उघडेना. पाणी गळू लागलं, आणि तो पंजानं डोळा घासू लागला. भैय्याजी गडबडले नाहीत. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची थेंबाची बाटली कपाटात शिल्लक होती. माणसाच्या डोळ्याला चालते ती कुत्र्याला न चालायला काय झालं, या हिशेबानं त्यांनी तिचं टोक बॉयलरच्या पापणीला टेकवून दोन-तीन थेंब पिळले. संध्याकाळपर्यंत लाली उतरल्यासारखी वाटली आणि भैय्याजींनी शेजाऱ्यांना बोलावून डोळा दाखवला. त्यानंतरच्या सकाळी डोळा निळसर, दुधाळ झाला होता. व्हिडिओ कॉलवर मोनालीनं तो पाहिला आणि बापाला एवढंच म्हणाली, “पप्पा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.”

सदर भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मुग्धा मॅडमनी बॉयलरच्या डोळ्याला औषधी कागदाची एक पट्टी टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि निळा उजेड टाकला. बुबुळावर एक हिरवा डाग लख्ख चमकला.

“हा अल्सर,” मॅडम म्हणाल्या. “बुबुळावरचा पारदर्शक पडदा खरचटलाय. जिथे साल निघालंय तिथेच हा रंग चिकटतो. जखम उघडी आहे काका, तिच्यात जंतू शिरू द्यायचे नाहीत, हेच खरं औषध. घरचं काही टाकलंय का डोळ्यात?”

“नाई जी,” भैय्याजी म्हणाले. “कुसळ होतं, हातानं काढलं.”

प्रेमिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चारचौघांत नवऱ्याची लाज राखावी म्हणून त्या गप्प बसल्या, आणि पुढे त्यांना या गप्प बसण्याचाच जास्त राग आला.

मॅडमनी जंतू मारणारे थेंब दिले, डोळा घासू नये म्हणून गळ्यात घालायची प्लॅस्टिकची मोठी कॉलर दिली, आणि थेंब टाकण्याआधी हात साबणानं धुवा असं बजावलं. भैय्याजींनी मान डोलावली. ते उभ्या आयुष्यात कधी मान डोलवायला चुकले नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी थेंब अगदी वेळच्या वेळी टाकले. फक्त थेंब टाकण्याआधी डोळ्यातली घाण दिसली की ती रुमालाच्या कोपऱ्यानं टिपून घेतली. जागा साफ केल्याशिवाय काम सुरू करायचं नाही ही त्यांची जुनी शिस्त. कॉलरीत बॉयलर लग्नातल्या भोंग्यासारखा दिसायचा आणि अशा केविलवाण्या नजरेनं बघायचा की भैय्याजी दुपारी कॉलर काढून त्याला कूलरसमोर बसवत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तसला प्रकार. डोळ्यातून पिवळा पू येऊ लागला. त्या डोळ्यानं आता काही दिसतं की नाही ते कळेना, कारण बॉयलर त्या बाजूनं चालताना पलंगाच्या पायावर आदळू लागला.

दोघं बॉयलरला घेऊन ऑटोनं पुन्हा सदरला गेले. मॅडमनी डोळा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“थेंब टाकत होतात ना?”

“हाओ जी, बरोबर टाइमावर.”

“मग एवढं इन्फेक्शन आलं कुठून?”

भैय्याजी भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचू लागले. प्रेमिलाबाईंना मात्र आता राहवलं नाही.

“मॅडम, मी सांगतो,” त्या म्हणाल्या. “पयले दिवशी यायनं रुमालाले थुका लावून कुसळ काढलं. थुक्यात खर्रा. मंग आपल्या मोतीबिंदूचं औषध टाकलं. अन् आता थेंबाच्या आंधी रोज रुमालानं पुसून राहिले. मी सांगतलं तं मले म्हणते, तू अंगणवाडीत होती, आय हॉस्पिटलात नाई.”

 मॅडम हात पुढे करून म्हणाल्या, “बघू रुमाल.”

भैय्याजींनी खिशातून रुमाल काढला. मॅडमनी तो चिमट्यानं धरून स्टीलच्या ट्रेमध्ये पसरला आणि वरचा मोठा दिवा लावला. त्या दिव्याखाली तो रुमाल भैय्याजींनी पहिल्यांदाच पाहिला. मध्ये घामाचे पिवळे नकाशे होते, एका कडेला स्कूटरचं ग्रीस, दुसरीकडे खर्ऱ्याचा तांबडा डाग, आणि तो कीर्तिमान कोपरा पिळून पिळून काळा झालेला. तिघंही त्याकडे बघत राहिले. टेबलावरच्या बॉयलरनं रुमाल दिसताच मागे सरकायला सुरुवात केली आणि तो प्रेमिलाबाईंच्या पदरात तोंड लपवू लागला. इतके दिवस थेंब टाकताना तो कधी हलला नव्हता.

“काका, मी रागावत नाही,” मॅडम रागावूनच म्हणाल्या. “आपल्या तोंडात जे जंतू असतात ते तोंडात गप्प राहतात. उघड्या जखमेत गेले की ते मोकाट सुटतात. आणि तुमच्या ऑपरेशनच्या थेंबात स्टेरॉइड असणार. त्यानं लाली उतरते, म्हणून बरं वाटल्यासारखं दिसतं, पण जखम भरत नाही आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. अल्सरमध्ये ते औषध म्हणजे आगीत तेल. आता हा पडदा विरघळायला लागलाय. येत्या दोन-तीन दिवसांत विरघळणं थांबलं तर डोळा वाचेल. आरपार भोक पडलं तर डोळा काढावा लागेल.”

“काढा लागन?” भैय्याजींनी विचारलं. 

 कोराडीत इतक्या माणसांच्या डोळ्यांत आपण हाच कोपरा घातला, हे त्यांच्या मनात आलं, आणि ती बारमाही साथही आठवली. पण आत्ता त्यांना त्या माणसांची फार चिंता वाटली नाही. ती माणसं मोठी होती, शिव्या देऊन मोकळी झाली होती. बॉयलर मात्र पायरीवर बस म्हटलं तसा बसला होता.

मॅडमनी बॉयलरचं थोडं रक्त काढलं, यंत्रात फिरवलं आणि वर आलेलं पिवळसर पाणी बारीक बाटल्यांत भरलं. हेही डोळ्यात टाकायचं, त्यानं पडदा विरघळणं थांबतं, त्या म्हणाल्या. फ्रिजमध्ये झाकून ठेवायचं, कारण त्यात जंतू लवकर वाढतात. सोबत जोरदार औषधाचे नवे थेंब होते. एका औषधानंतर थोडं थांबून दुसरं, नाहीतर पहिलं धुऊन जातं. हात साबणानं धुवायचे. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला कशालाच लागू द्यायचं नाही. पू आला तर दवाखान्यातल्या सलाईनमध्ये भिजवलेल्या नव्या कापसानं पुसायचा आणि तो कापूस लगेच फेकायचा. कूलरचा वारा नको. कॉलर काढायची नाही, त्यानं कितीही बघितलं तरी.

रुमाल ट्रेमध्येच राहिला. तो परत मागायची भैय्याजींची हिंमत झाली नाही.

घरी येऊन भैय्याजी बराच वेळ पलंगावर बसले आणि मग माळ्यावरची लोखंडी पेटी काढून तिच्यात हात घालून काहीतरी शोधू लागले. कोराडीत एक नियम होता. कुठल्याही मशिनवर काम करायचं तर आधी परमिट घ्यायचं, तिथे लाल टॅग लावायचा, आणि टॅग असेपर्यंत साहेब आला तरी त्यानं बटणाला हात लावायचा नाही. त्यातली मुख्य गोष्ट ही, की काम करणाऱ्यानं स्वतःच स्वतःला परमिट द्यायचं नाही. ते दुसऱ्यानं तपासून द्यायचं. भैय्याजींनी नोकरीभर हा नियम मोडला नव्हता. मोडलेली माणसं त्यांनी पाहिली होती, आणि त्यांच्या शोकसभेला ते गेले होते.

पेटीतून निघालेला जुना लाल टॅग त्यांनी प्रेमिलाबाईंच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘काम चालू आहे. हात लावू नये.’

“आजपासून परमिट तू देशील,” ते म्हणाले. “तू पाह्यल्याबिगर मी थेंब टाकत नाई.”

“मी काय इंजिनिअर हाय का?”

“नाई. पण मी कोण हाय ते मले कळलं न आज.”

प्रेमिलाबाईंनी टॅग उलटसुलट पाहिला. तो कुत्र्याच्या कॉलरला बांधायचा असावा असं भैय्याजींना वाटत होतं. बाईंनी तो नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशाला सेफ्टीपिननं टोचला, जिथे रुमाल राहायचा तिथे.

त्यानंतर त्या घरात अंगणवाडी भरली. दर दोन तासांनी भैय्याजी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धूत, हवेत वाळवत आणि दोन्ही हात वर करून पोलिसाला शरण आलेल्या माणसासारखे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. प्रेमिलाबाई पोळी लाटता लाटता म्हणत, “हात दाखवा.” नखं बघत. एकदा नखात तंबाखू दिसला म्हणून परत धुवायला पाठवलं. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा भैय्याजींनी खर्ऱ्याची पुडी स्वतःच कचऱ्यात टाकली, आणि कचऱ्याच्या डब्याकडे बघणं मात्र पुढे बराच काळ चालू ठेवलं. कैरीच्या लोणच्याची बरणी फ्रिजमधून बाहेर आली, लोणचं काढताना कोणाचा हात औषधाच्या बाटल्यांना लागेल म्हणून. कूलर बंद झाला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून बसणं हे प्रेम आहे की वेड, हे शेजाऱ्यांनी विचारलं नाही, कारण घामानं निथळणाऱ्या भैय्याजींच्या छातीवर ‘हात लावू नये’ असा बोर्ड होता.

बॉयलर सगळं सहन करत होता. थेंब पडला की एकदा फुसकारायचा आणि कॉलरीतून भैय्याजींच्या मनगटावर जीभ फिरवायचा, की पुन्हा हात धुणं आलं.

दोन-तीन दिवस गेले. डोळा फुटला नाही. पू कमी झाला. मॅडम म्हणाल्या, थांबलंय, पण गाफील राहू नका. तेवढ्या आनंदात भैय्याजी अंगणात आले, आणि फाटकाशी बाबनराव उभे.

बाबनराव मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. हातमाग सोडून कोराडीला कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला लागले आणि भैय्याजींचे जुने सोबती झाले. राखेच्या ट्रकमागे स्कूटर चालवत आले होते, एक डोळा मिटलेला. काही न बोलता ते अंगणातल्या खुर्चीवर बसले, मान मागे टाकली आणि म्हणाले, “काढ गा भैय्याजी. लई सलून राहिलं.”

कित्येक वर्षांचं वळण होतं. भैय्याजींचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि टॅगच्या कडेवर अडकला. त्याच क्षणी मागे कॉलर दारावर घासल्याचा आवाज आला. बॉयलर दारातून पाहत होता. त्यानं तो हात खिशाकडे जाताना पाहिला आणि वळून, धडपडत, पलंगाखाली गेला. खिशात रुमाल नव्हता हे त्याला कोण सांगणार?

भैय्याजींना फार वाईट वाटलं. त्यांनी हात खाली घेतला.

“काढ न, काहून थांबला?” बाबनराव म्हणाले.

“ऊठ. नळाखाली डोया धर, पाण्यानं निंघते का पाह्य. चोळू नको. नाई निंघालं तं डोयाच्या डॉक्टरकडे जाय.”

“अन् तुया रुमाल?”

“रुमाल बंद झाला.”

“डॉक्टरकडे?” बाबनरावांनी चांगला डोळा उघडला. “जल्मभर तूच काढत आला. आता मी परका झालो का? कुत्र्याचं करून राहिला, दोस्ताचं नाई?”

“दोस्ताचं करत होतो म्हणूनच तुये डोये सुजत होते, बाबन,” भैय्याजी म्हणाले. “तुले वाटे, साथ आली.”

बाबनराव नळाकडे गेले. डोळ्यावर पाण्याची धार धरली, कण वाहून गेला. पुसायला त्यांनी स्वतःचा रुमाल काढला, तेव्हा भैय्याजींनी तोही त्यांच्या हातातून काढून घेतला. ते चहा न घेताच गेले. प्रेमिलाबाईंनी हे सगळं खिडकीतून पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा हात न तपासता नवऱ्याला जेवायला वाढलं.

पुढे बरेच दिवस थेंब चालले. शेवटी मॅडमनी पुन्हा ती पट्टी लावली, दिवा मालवला आणि निळा उजेड टाकला. भैय्याजी श्वास धरून हिरवा डाग शोधत होते. डाग नव्हता.

“भरली जखम,” मॅडम म्हणाल्या. “डोळा वाचला. दिसेल त्याला, थोडं कमी. पण खूण राहणार.”

ऑटोत बॉयलर प्रेमिलाबाईंच्या मांडीवर बसला, कॉलर नाही, तोंड बाहेर. छातीवरचा भार उतरल्यासारखे भैय्याजी मोकळे झाले होते. काम संपलं की परमिट बंद करतात, टॅग परत करतात, असं ते ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होते. त्यांनी सेफ्टीपिन उघडायलाही घेतली.

कोराडी रोडला लागल्यावर ऊन तिरपं आत आलं आणि बॉयलरनं मान वळवली. त्याच्या बुबुळाच्या मधोमध एक बारीक पांढुरका ठिपका होता. राखेचा कण बसावा तसा, अगदी तसाच. भैय्याजी बघत राहिले. सेफ्टीपिन हातातून कधी सुटली ते त्यांना कळलं नाही. गुडघ्यावर प्रेमिलाबाईंच्या पदराचं टोक आलं होतं, आणि त्यांची चिमटी ते टोक हळूहळू पिळत होती.

“हात दाखवा,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

त्यांनी दचकून पदर सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. बॉयलर थोडा मागे सरकला. हात रिकामे आहेत हे त्यानं हुंगून पाहिलं, आणि मग हनुवटी त्यांच्या तळव्यावर टेकवली. तो ठिपका आता अगदी जवळ होता, आणि तो आता कशानंच निघणार नव्हता.

“टॅग टोच वं परत,” भैय्याजी म्हणाले. “राहू दे अजून.”